पडद्यावरची सदाफुली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण क्रिटा या मोफत चित्रसॉफ्टवेअरची ओळख करून घेतली आणि अंगणातली सदाफुली गोंडस कार्टून करून काढा, असं सुचवलं. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी इचलकरंजीत दहावीत आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या. सदाफुली हुबेहूब जमते, पण तिला डोळे-तोंड काढलं की ते वरून चिकटवल्यासारखं दिसतं. फूल गोड दिसतच नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुझी रेषा चांगली आहे. चुकतंय ते प्रमाण. खऱ्या सदाफुलीचा मधला भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. तो तसाच ठेवून त्यात चेहरा बसवला की डोळे टाचणीच्या डोक्याएवढे होतात, आणि चेहरा पाकळ्यांवर पसरवला तर पाकळ्यांच्या कडा गालातून जातात. तू पाठवलेल्या चित्रात हे दुसरं झालंय. कार्टूनमध्ये मधली चकती मुद्दाम फुगवायची असते, संपूर्ण फुलाच्या साधारण ४० ते ४५ टक्के.

आकडे दिले तर सोपं जाईल. २००० बाय २००० पिक्सेलचा कॅनव्हास घे. फूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४०० पिक्सेल, मधली चकती ६०० पिक्सेल. चकतीच्या मधोमध एक आडवी रेघ कल्पून डोळ्यांचे मध्यबिंदू त्या रेघेच्या ४० पिक्सेल खाली ठेव. डोळे उभट लंबगोल, ९० रुंद आणि ११० उंच, एकमेकांपासून मध्यबिंदू ते मध्यबिंदू २६० पिक्सेल. तोंड डोळ्यांच्या फार खाली न्यायचं नाही. मधल्या रेघेपासून १०० पिक्सेलवर, ८० पिक्सेल रुंदीची छोटी वाटी पुरे. गालांवरचे गुलाबी ठिपके ११० बाय ६०, डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि थोडे खाली, मधल्या रेघेपासून १२० पिक्सेलवर.

डोळे खाली का घ्यायचे? ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कॉनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं कपाळ, चेहऱ्यात खाली असलेले मोठे डोळे, फुगीर गाल आणि लहान तोंड पाहिलं की माणसाला ते बाळ वाटतं आणि जीव लावावासा वाटतो. फुलाला कपाळ नसतं, पण चकतीचा वरचा रिकामा भाग तेच काम करतो. म्हणून तिथे काहीही काढू नकोस, पराग नको आणि ठिपकेही नकोत. ती जागा भरलीस की फूल लगेच मोठ्या माणसासारखं दिसायला लागतं.

आता पाकळी. खरी पाकळी देठाशी निमुळती आणि बाहेर रुंद असते, टोकाला बारीकशी अणी असते. बाहेरची कड पूर्ण गोल कर, अणी ठेवायचीच तर अगदी बोथट ठेव. पण ते फूल सदाफुलीच आहे हे ओळखू येण्यासाठी दोन गोष्टी सोडू नकोस. पहिली म्हणजे पाकळ्या भिंगरीसारख्या एकीवर एक चढलेल्या. दुसरी म्हणजे मधे गडद गुलाबी वलय (पांढऱ्या जातीत लाल). चकतीभोवती ६० पिक्सेलचं हे वलय दिलंस की चेहराही पाकळ्यांपासून सुटा दिसतो. पानं काढलीस तर चकचकीत लंबगोल, मधली शीर फिकट.

परीक्षेच्या संकल्पचित्राची एक सवय इथे आड येते. तिथे रिकामी जागा भरून काढायला शिकतो. इथे प्रत्येक जास्तीची रेघ गोडवा कमी करते. पाकळीवर शिरा काढायच्याच असतील तर एक किंवा दोन, त्याही चकतीजवळून सुरू होऊन पाकळीच्या मध्याआधीच विरणाऱ्या.

रेषा काढण्याआधी एक तपासणी करच. फुलाचा नुसता काळा ठोकळा भर, चेहरा नाही, रंग नाही, आणि चित्र १० टक्क्यांवर लहान करून बघ. एवढ्याशा ठिपक्यातही फूल म्हणून कळलं तर आकार जमला. चक्र किंवा तारा वाटला तर पाकळ्यांमधल्या खाचा कमी खोल कर. आकार इथे बिघडलेला असेल तर पुढे कितीही छान छटा दिल्या तरी सावरत नाही, आणि बहुतेकांचे तास नेमके तिथेच वाया जातात.

प्रश्न : डोळ्यांसाठी मी आरसा टूल वापरलं. दोन्ही डोळे सारखे आले, तरी फूल तिरळं दिसतं.

उत्तर : डोळ्यांतली पांढरी चमकही आरशातून आली आहे. एका डोळ्यात ती डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवी. काळे डोळे आरशाने काढा, मग आरसा बंद करून दोन्ही डोळ्यांत वर-डावीकडे ३० पिक्सेलचा ठिपका द्या. हवा तर खाली-उजवीकडे १२ पिक्सेलचा दुसरा. चेहरा कललेला वाटत असेल तर एम ही कळ दाबा, दृश्य उलटं होतं आणि कल लगेच दिसतो. पुन्हा एम दाबलं की पूर्ववत. यात मूळ चित्राला काही होत नाही.

प्रश्न : पाचही पाकळ्या सारख्या येत नाहीत. मल्टिब्रश वापरला तर सारख्या येतात, पण एकमेकींवर चढत नाहीत, रेघा नुसत्या एकमेकींना छेदतात. सदाफुलीची भिंगरी कशी आणायची?

उत्तर : मल्टिब्रश एकाच थरावर (लेयरवर) पाच ठिकाणी एकदम रेघ ओढतो. वर कोण आणि खाली कोण हे त्याला कळत नाही. शेवंती किंवा सूर्यफुलाच्या सुट्या पाकळ्यांना तो उत्तम. सदाफुली आणि चाफ्यासाठी एकच पाकळी नीट काढून तिच्या प्रती फिरवाव्या लागतात.

कॅनव्हासच्या मधोमध दोन मार्गदर्शक रेषा आखा, उभी आणि आडवी. वरच्या दिशेला एक पाकळी काढा. तिची बाह्यरेषा एका लेयरवर, भरलेला रंग तिच्याखालच्या लेयरवर, आणि दोन्ही एका ग्रुपमध्ये. पाकळी थोडी उजवीकडे झुकलेली, जरा रुंदच ठेवा. चढायला कड उरली पाहिजे. आता कंट्रोल-जे दाबून ग्रुपची प्रत काढा, कंट्रोल-टीने ट्रान्सफॉर्म टूल उघडा, चौकटीच्या मधला छोटा ठिपका ओढून मार्गदर्शक रेषांच्या छेदावर आणा आणि टूल ऑप्शन्समध्ये झेड अक्षाभोवती ७२ अंश लिहा. हाताने फिरवू नका, दोन-तीन अंशांचा फरक शेवटच्या पाकळीपाशी साठून दिसतो.

दुसरी पाकळी मिळाली म्हणून तिसरी तिच्यापासून काढायची नाही. प्रत्येक वेळी पहिल्या पाकळीची प्रत घ्या आणि ७२, १४४, २१६, २८८ असे अंश द्या. फिरवताना सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलचा रंग नव्याने मोजतं आणि कडा किंचित मऊ होते. प्रतीची प्रत करत गेलात तर पाचवी पाकळी चारदा मऊ झालेली असते आणि पहिलीशेजारी धूसर दिसते.

एवढं केलं की चार ठिकाणी भिंगरी बरोबर येते आणि पाचव्या ठिकाणी अडते. दुसरी पहिलीवर, तिसरी दुसरीवर, चौथी तिसरीवर, पाचवी चौथीवर. पण पाचवी पहिलीच्याही वर येते, आणि हवी असते खाली. थर खालून वर एका ओळीत असतात, फुलाचं मात्र चक्र असतं, त्यामुळे लेयर कसेही हलवले तरी हे सुटत नाही. उपाय असा : आधी, काहीही निवडलेलं नसताना, पाचव्या पाकळीच्या ग्रुपला ट्रान्स्परन्सी मास्क (काळा रंग भरू तिथे चित्र झाकणारा थर) जोडा. मग पहिल्या पाकळीच्या ग्रुपवर राइट क्लिक करून सिलेक्ट ओपेक घ्या, म्हणजे तिचा रंगवलेला भाग निवडला जातो. पुन्हा त्या मास्कवर येऊन, निवड तशीच ठेवून, काळा रंग भरा. पाचवीचा पहिलीवर आलेला तुकडा झाकला जातो आणि पहिलीची बाह्यरेषा वर दिसायला लागते. मधला गुंता चकतीखाली जातो. खोडरबराने पुसू नका. मास्क असेल तर नंतर पाकळी जाड-बारीक करावी वाटली तरी दुरुस्ती हातात राहते.

प्रश्न : रंगाची बादली ओतली की रेषेच्या आतून एक पांढरी किनार राहते. कधी कधी रंग सगळ्या कॅनव्हासभर सांडतो.

उत्तर : दोन्ही दुखणी वेगळी आहेत. रेषेच्या कडेचे पिक्सेल पूर्ण गडद नसतात, कडा गुळगुळीत दिसावी म्हणून ते अर्धपारदर्शक ठेवलेले असतात. बादली त्या अर्धवट पिक्सेलपाशी थांबते आणि तिथे पांढरं राहतं. फिल टूलच्या पर्यायांत ग्रो (रंग कडेबाहेर किती वाढवायचा) हा आकडा २ किंवा ३ पिक्सेल करा आणि रंग रेषेच्या लेयरवर न भरता खालच्या वेगळ्या लेयरवर भरा. त्यासाठी रेफरन्स सगळ्या लेयर्सचा निवडावा लागतो, नाहीतर रिकाम्या लेयरला हद्दच दिसत नाही. आपली बाह्यरेषा १८ ते २० पिक्सेलची आहे, ३ पिक्सेल वाढलेला रंग तिच्याखाली सहज लपतो. चेहऱ्याच्या रेषा १२ पिक्सेलच्या, तिथे २ पुरे.

रंग सांडतो तो रेषेतल्या फटीतून, आणि ती बहुतेक वेळा पाकळी चकतीला मिळते तिथे असते. चित्र २०० टक्क्यांवर मोठं करून ते सांधे तेवढे बघा. पाकळीची रेघ चकतीच्या आतपर्यंत ओढून घेतली तर फट राहतच नाही, वरून चकती येणारच आहे.

बाह्यरेषा काळी नको, हेही इथेच सांगतो. गुलाबी फुलाला गडद लालसर तपकिरी रेषा द्या. शुद्ध काळी रेषा फिकट रंगाला कापून काढते आणि सगळा मऊपणा जातो. काळा रंग फक्त डोळ्यांना ठेवा, म्हणजे नजर आधी तिथेच जाते.

प्रश्न : पाकळीवर सावली देताना रंग बाहेर जाऊ नये म्हणून अल्फाचं बटण दाबलं, तरी रंग बाहेर जातोच. दुसऱ्या ॲपमध्ये क्लिपिंग जमत होतं.

उत्तर : क्रिटामध्ये इन्हेरिट अल्फा (खालच्या आकाराबाहेर रंग जाऊ न देणारा पर्याय) फक्त लगतच्या खालच्या लेयरकडे बघत नाही. त्याच ग्रुपमध्ये खाली जे जे आहे त्या सगळ्यांकडे बघतो. तुमच्या फाइलमध्ये सगळ्यात खाली पांढरा बॅकग्राउंड लेयर आहे. तो पूर्ण कॅनव्हासभर भरलेला, म्हणून सावलीलाही पूर्ण कॅनव्हास मोकळा मिळतो. पाकळीच्या रंगाचा लेयर निवडून कंट्रोल-शिफ्ट-जी दाबा. क्रिटा त्याला वेगळ्या ग्रुपमध्ये टाकतं आणि वर अल्फा लावलेला नवा लेयर देतं. सावली त्या नव्या लेयरवर रंगवा.

सावलीचा रंग निवडताना पाकळीच्याच रंगात काळा मिसळू नका, मळकट दिसतं. पाकळी रंगचक्रावर ३४० अंश, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ४५, व्हॅल्यू (उजळपणा) ९७ असेल तर सावलीला ३२० अंश, ५५, ८५ घ्या. छटा जांभळ्याकडे सरकते आणि फूल ताजं राहतं. सावली चकतीलगत आणि चढलेल्या पाकळीच्या कडेखाली, एवढ्या दोनच ठिकाणी. मोठा मऊ एअरब्रश सगळीकडे फिरवला तर फूल फुगवलेल्या प्लास्टिकसारखं दिसतं. सावलीची कड स्पष्टच ठेवावी असं आमचं मत आहे. फक्त गाल मऊ ब्रशने, अपारदर्शकता ५० टक्क्यांच्या आसपास.

प्रश्न : गडहिंग्लजहून विचारतोय. नवीन पेन टॅब्लेट घेतला. गोल काढायला जावं तर अंडं येतं, आणि जोर दिला तरी रेघ जाड होत नाही. टॅब्लेट खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. टॅब्लेटच्या पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळत नाही. पाटी १६:१० आणि पडदा १६:९ असेल तर आडवी हालचाल उभीपेक्षा जास्त ताणली जाते आणि गोल चपटा होतो. टॅब्लेटच्या ड्रायव्हर सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. पाटीची थोडी पट्टी वाया जाईल, पण हात आणि डोळा यांचा मेळ बसेल. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर पाटी एकाच पडद्याला नेमून द्या, नाहीतर ताण दुप्पट होतो.

जोराचं कारण दुसरं. विंडोजमध्ये पेनचा जोर दोन मार्गांनी पोचतो, विनटॅब आणि विंडोज इंक. ड्रायव्हर एकावर आणि क्रिटा दुसऱ्यावर असेल तर जोर हरवतो. सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅब्लेट सेटिंग्ज इथे जाऊन दुसरा पर्याय निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. तिथेच टॅब्लेट टेस्टर आहे, त्यात जोराचा आकडा बदलताना दिसला पाहिजे. आकडा बदलतोय आणि रेघ मात्र एकसारखीच, असं असेल तर निवडलेला ब्रशच जोर न मानणारा आहे. इंक गटातला जीपेन घेऊन बघा.

हात थरथरत असेल तर ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये स्मूदिंगला स्टॅबिलायझर निवडा. पाकळीसारख्या लांब वळणाला तो छान, पण ओठ किंवा पापणीसारख्या छोट्या रेघेला बेसिकवर या. स्टॅबिलायझर रेघ हातामागून ओढत आणतो, त्यामुळे लहान वळणांचे कोपरे तो खाऊन टाकतो.

प्रश्न : टॅब्लेट नाही, माऊसच आहे. जमेल का?

उत्तर : जमेल, आणि सदाफुलीसारखं सोपं फूल तर फारच स्वच्छ येईल. फ्रीहँड ब्रश सोडून द्या. व्हेक्टर लेयर (बिंदूंनी बनलेल्या, नंतर बदलता येणाऱ्या आकारांचा) घ्या, चकती आणि डोळे लंबगोल टूलने काढा, पाकळी बेझिए कर्व्हने चार बिंदूंत : देठाशी एक, दोन्ही बाजूंच्या रुंदीवर एकेक, टोकाला एक. नंतर एडिट शेप्स टूलने बिंदू हलवून आकार सुधारता येतो. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची येते, कार्टूनला ते चालतं.

प्रश्न : क्रिटा माझ्या फोनवर का येत नाही?

उत्तर : अँड्रॉइडसाठी क्रिटा आहे ते मोठ्या पडद्याच्या टॅब्लेटसाठी. फोनवर आयबिस पेंट घ्या. लेयर, क्लिपिंग, रेषा सावरणारा स्टॅबिलायझर आणि गोलाकार सममितीचा रूलर तिथेही आहेत, आणि वरची सगळी मापं तशीच चालतात. बोटाने काढत असाल तर सोबत साधा स्टायलस घ्या, बोटाखाली रेघ झाकली जाते.

प्रश्न : राजारामपुरीतून दोन मैत्रिणी विचारतोय. हळदीकुंकवाच्या कार्डावर हे फूल छापायला दिलं. पडद्यावर झगझगीत राणी रंग होता, छापून आला तो विटलेला. शिवाय कडा फुटल्या. त्याच फुलाचं व्हॉट्सॲप स्टिकरही करायचंय.

उत्तर : ताई, छापणाऱ्याला दोष देण्याआधी फाइल कशी गेली ते पाहू. पडदा लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून रंग दाखवतो. छपाई चार शाईंत होते. झगझगीत राणी, पोपटी आणि गर्द जांभळा हे पडद्यावरचे रंग त्या चार शाईंच्या आवाक्याबाहेर असतात, तेव्हा जवळचा फिका रंग उमटतो. क्रिटामध्ये कंट्रोल-वाय दाबलं की छापल्यावर रंग कसा दिसेल याचा अंदाज पडद्यावरच दिसतो, आणि कंट्रोल-शिफ्ट-वायने आवाक्याबाहेरच्या जागा ठळक होतात. छापणाऱ्याकडे त्याचं कलर प्रोफाइल (त्याच्या यंत्रावर रंग कसे उमटतात याची फाइल) मागा, मिळालं तर अंदाज बराच नेमका येतो. मग रंगाची सॅच्युरेशन थोडी उतरवा आणि शेजारचे रंग आणखी शांत करा. फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर मध्यम गुलाबीही उठून दिसतो.

कडा फुटल्या कारण चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं असणार. तिथे ते आकसून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा पेनड्राइव्हवर न्या. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे २००० पिक्सेलचं चित्र सुमारे १७ सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ छापतं. ए-५ कार्डाला १७४८ बाय २४८० पिक्सेल, आणि रंग कार्डाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर, म्हणजे ३५ पिक्सेल, जास्त ठेवा. तेवढं कापताना जातं. पीएनजीमध्ये चार शाईंचे रंग राहत नाहीत, म्हणून तशी फाइल मागितली तर टिफ द्या. तीही सगळे लेयर एकत्र केलेल्या प्रतीतून. लेयर तसेच ठेवून रंगपद्धत बदलली तर मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारी मिसळपद्धत) केलेल्या सावल्या वेगळ्याच दिसतात. क्रिटाच्या मूळ केआरए फाइलला हात लावू नका.

स्टिकरचं माप ठरलेलं आहे : ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी फाइल, पारदर्शक पार्श्वभूमी, १०० केबीच्या आत. एका संचात किमान तीन स्टिकर लागतात, तेव्हा हसरी, झोपलेली आणि रुसलेली अशा तीन सदाफुल्या करा. पाकळ्या त्याच ठेवून फक्त डोळे-तोंडाचे लेयर बदलायचे. गडद चॅटवर फूल हरवू नये म्हणून भोवती ८ पिक्सेलची पांढरी किनार हवी. आपल्या २००० पिक्सेलच्या फाइलमध्ये ती ३१ पिक्सेल होते. सगळे लेयर एकत्र केलेल्या प्रतीवर सिलेक्ट ओपेक, मग ग्रो सिलेक्शन ३१, आणि खालच्या नव्या लेयरवर पांढरा रंग. किनारीबाहेर आणखी ६२ पिक्सेल मोकळे राहतील असं फूल बसवा आणि मगच ५१२ वर लहान करा. लहान केल्यावर चेहऱ्याची १२ पिक्सेलची रेघ ३ पिक्सेलची होते. याहून बारीक रेघा स्टिकरमध्ये दिसत नाहीत, तेव्हा पाकळीवरच्या शिरांचा लेयर बंद करूनच फाइल काढा. आणि बॅकग्राउंड लेयर बंद आहे ना ते बघा. स्टिकरला पांढरा चौकोन येतो तो त्याच्यामुळेच.